शिरूर व दौंड तालुक्यांतील घरगुती जळण आणि वायुप्रदूषण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत लाकूडफाटा व शेतातील काडीकचरा हे घरगुती उष्णतेचे जुने साधन आहे. थंड हवामानाच्या देशांत लाकडी शेगडी मुख्यतः खोली उबदार ठेवण्यासाठी पेटवली जाते. या भागात मात्र तेच जळण स्वयंपाक, अंघोळीचे पाणी आणि हिवाळ्यातील शेक अशा तीन कामांसाठी वापरले जाते. स्वयंपाकाचा गॅस आल्यावर यांपैकी पहिले काम बरेचसे गॅसवर गेले, तरी उरलेल्या दोन कामांमुळे अनेक घरांत धूर कायम राहतो.

साधने व इंधन
शिरूर शहर घोड नदीकाठी, तर दौंड शहर भीमा नदीकाठी वसलेले आहे. दोन्ही तालुक्यांत उसाची लागवड मोठी आहे. बाभळीचे लाकूड, तुरकाट्या, उसाची वाळलेली चिपाडे आणि गोवऱ्या हे येथील नेहमीचे जळण होय. मातीच्या चुलीला बहुधा वैल जोडलेला असतो आणि मुख्य तोंडातील उरलेल्या आचेवर तेथे दुसरे भांडे तापते. पाण्यासाठी तांब्याचा बंब वापरतात. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तळाशी पेटवलेल्या जाळाची धग व धूर तिच्यातून वर जातात आणि भोवतालचे पाणी तापते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तेव्हा अंगणात शेकोट्या पेटतात.

गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडाजवळ कोप्या उभारून राहतात. तीन दगडांची चूल हेच तेथील नेहमीचे साधन असते. गुऱ्हाळांत रस आटवण्यासाठी पेटवलेली चुलाणे आणि शेतात जाळले जाणारे पाचट यांचा धूरही याच हवेत मिसळतो.

धुराचे घटक व आरोग्यावरील परिणाम
लाकूड पूर्ण जळाले, तर प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाणी आटवण्यात खर्च होते. जाळ थंड राहतो आणि ज्वलन अपुरे होते. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण (पीएम २.५) बाहेर पडतात. हे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. भारताचे २००९ चे मानक ४० मायक्रोग्रॅम आहे.

घरगुती धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, दीर्घकालीन श्वसनरोध (सीओपीडी) आणि बालकांचा न्यूमोनिया ही त्यांची प्रमुख कारणे होत. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळची लहान मुले यांना सर्वाधिक धूर सोसावा लागतो.

सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार मानला जात असे. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील लेखात या समजुतीला छेद दिला. जगात सुमारे १०१ कोटी लोक धूम्रपान करतात, तर सुमारे ३०० कोटी लोक जळणाच्या धुराला सामोरे जातात, असे त्यांनी नमूद केले. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम चालतो. त्याअंतर्गत २००२ पासून परिसरातील २२ गावांतील लोकसंख्या व आरोग्यविषयक घटनांची नियमित नोंद ठेवली जाते. श्वसनविकार हा तेथील संशोधनाचा एक विषय आहे.

उपाययोजना
केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये बंद झाला. अशा अनेक चुलींना धुराडे असे. त्यामुळे स्वयंपाकघरातील धूर कमी होई, पण तो वस्तीच्या हवेत जाई; शिवाय काजळी वेळोवेळी काढली नाही, तर धुराडे तुंबत असे. पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) सुधारित चुलींबरोबरच उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याची पद्धत विकसित केली. त्या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. २०२१ मधील तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

मिश्र वापराचा प्रश्न
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या भारतीय कुटुंबांचे प्रमाण २०१५–१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले. हे आकडे स्वयंपाकाच्या मुख्य इंधनाचे आहेत. बंब, शेकोटी किंवा गॅसच्या जोडीला पेटणारी चूल त्यांत दिसत नाही. सिलिंडर पुन्हा भरून घेण्यास रोख पैसे लागतात, तर बांधावरचे जळण केवळ श्रमाने मिळते. त्यामुळे चहा व भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि पाणी बंबात अशी विभागणी होते. गॅसजोडणी मिळाल्याने घर धूरमुक्त झाले असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. पाणी तापवण्यासाठी सौर बंब आणि जळण वापरावेच लागल्यास ते पूर्ण वाळवून, उघड्या जागी जाळणे हे गॅसला पूरक असे उपाय आहेत.