गाडीच्या डब्यात भरलेली रजई

अब्बांची मारुती ८०० ही १९९७ सालची. त्यांच्या इंतकालानंतर भाऊ म्हणाले, भंगारात देऊन टाक. पण हिंगणघाटहून सेवाग्रामच्या दवाखान्यात अम्मीला न्यायला तीच उपयोगी पडते, म्हणून मी ठेवून घेतली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. एवढी यातायात करून सांभाळलेली गाडी गेल्या जानेवारीत पीयूसीला नापास झाली! मागून काळा धूर, पुलाच्या चढावर दम नाही आणि पेट्रोल तर पाण्यासारखे जात होते.

एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलावे लागेल असे सांगून मोठा आकडा ऐकवला. दुसरा म्हणाला, "मॅडम, एअर फिल्टरच काढून टाका, पिकअप येईल." खरे सांगते, खर्च वाचतो म्हणून मी हो म्हणायच्या बेतात होते.

शेवटी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेले. त्यांनी इंजिनावरचा काळा डबा उघडला, आतला कागदी फिल्टर बाहेर काढला आणि हसले. "बाजी, यह रजई किसने भर दी?" घड्याघड्यांत धूळ आणि तिच्यावर रुईचा थर. आमच्या घराजवळ जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की तंतू हवेत तरंगत राहतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर ते दिसतात, गाडीच्या डब्यातले दिसत नाहीत.

चाचांनी जे समजावले ते मी नंतर पडताळूनही पाहिले. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. फिल्टर तुंबला की त्यात ओढ वाढते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. मग ते अर्धवट जळून काळा धूर निघतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासले, तेव्हा अशा गाड्यांचे मायलेज तुंबलेल्या फिल्टरनेही फारसे घटले नाही, फक्त वेग घ्यायला उशीर लागला. कार्बोरेटरच्या गाड्यांत मात्र नव्या फिल्टरने २ ते ६ टक्के पेट्रोल वाचते. म्हणजे नव्या गाडीवाल्याचा सल्ला आपल्या जुन्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

आणि फिल्टर काढून टाकला असता तर? बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. मग गाडी ऑइल पिऊ लागते आणि इंजिन खरोखरच खोलावे लागते.

बदलणे अवघड नाही, चाचांनी माझ्याच हातून करून घेतले. इंजिन थंड असावे. झाकण उघडून जुना फिल्टर उचलला की आधी कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडके झाकावे, नाहीतर डबा पुसताना कचरा आत पडतो. डबा ओल्या कपड्याने पुसून कोरडा करावा. फडके काढायला विसरू नये (मी विसरले होते, चाचा ओरडले). नव्या फिल्टरची रबरी कड सगळीकडून नीट बसली की झाकण लावावे. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नये. हवा मारायचीच असेल तर हलक्या दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने. उलटी मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. मला नवा फिल्टर दोनशेच्या आत मिळाला. चाचांनी कार्बोरेटरचे सेटिंग केले आणि त्याच आठवड्यात पीयूसी मिळाली, अल्हम्दुलिल्लाह.

जुना फिल्टर मी विज्ञानाच्या तासाला वर्गात नेला. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, माझे अब्बा जिनिंगमध्ये काम करतात. ते तर तोंडाला काहीच बांधत नाहीत." तो तास तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे मास्क पाठवले. ते लावतात की नाही, हे त्याला अधूनमधून विचारते.

गाडीचे म्हणाल तर मी किलोमीटर मोजत नाही. कापसाचा हंगाम सरला की मार्चमध्ये डबा उघडून बघते.