सोळा रुपये आणि नऊ वर्षे

गाणे शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो रकमेचा. वाशीत गाण्याचा वर्ग चालवत असल्याने पालकांकडून तो मी दर वर्षी ऐकतो. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. शिष्यवृत्ती फी भरण्यासाठी आहे, की गाणाऱ्याला वेळ मिळवून देण्यासाठी? ख्याल गाणाऱ्याला फीपेक्षा वेळ महाग पडतो. सकाळचा खर्ज, गुरूसमोरची तालीम, घरी येऊन तीच जागा पन्नास वेळा घोटणे, हे सारे नोकरीच्या वेळा सांभाळून फार दिवस चालत नाही.

आमच्या वाशीतच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे केंद्र आहे. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांमुळे हे नाव घराघरांत पोहोचले. मंडळ स्थापन झाले १९३१ मध्ये. पण ज्यांच्या शिष्यांनी ते स्थापले, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी शिष्यवृत्तीचा प्रश्न त्याच्या तीस वर्षे आधीच हाती घेतला होता, आणि तो परीक्षेच्या वाटेने नव्हे.

विष्णु दिगंबर स्वतः आश्रयावर शिकलेले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळावर ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथल्या उपदेशक वर्गाची अट सरळ होती : राहणे, जेवण, शिक्षण मोफत, बदल्यात विद्यार्थ्याने नऊ वर्षे विद्यालय सोडायचे नाही आणि पुढे पुढे खालच्या वर्गांना शिकवायचे. नऊ वर्षे! आजच्या कोणत्याही अर्जात इतका मोठा आकडा मी पाहिलेला नाही.

१९०७ मध्ये मिरजेहून विनायकराव पटवर्धन लाहोरला गेले, ते त्याच संस्थानाची दरमहा सोळा रुपयांची शिष्यवृत्ती घेऊन. सोळा रुपयांचे आजचे मोल काढण्यात मला रस नाही. मुलगा जिथे पोहोचला तिथे गुरू त्याच छपराखाली होता आणि दिवसाची सुरुवात-अखेर गाण्यानेच होत होती, हे महत्त्वाचे. त्या पिढीतून विनायकराव, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर निघाले. मात्र या हिशोबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एवढ्या मुलांना जेवू घालायला पैसा लागे, तो जलशांतून आणि देणग्यांतून यायचा. विद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आले, पुढे स्वतःची वास्तू उभी राहिली, कर्ज वाढत गेले आणि अखेर ती वास्तू लिलावात गेली. मोफत शिक्षणाची किंमत कुणीतरी भरतच असतो. इथे ती गुरूने भरली.

आता आजचा हिशोब. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला ३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला तीनशे, आणि शिवाय ठरावीक मर्यादेपर्यंत फीची भरपाई. लहान मुलाला घर सांभाळतेच, त्यामुळे तिथे ही रक्कम शाबासकी म्हणून ठीक आहे. मोठ्या मुलांसाठी संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे : वय १८ ते २५, गुरूकडे किमान पाच वर्षांचे शिक्षण, दरमहा पाच हजार, दोन वर्षे. रक्कम मिळते सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. घरभाडे मात्र सहा महिने थांबत नाही. पाच हजारांत वाशीत फार तर कॉट बेसिसवर झोपायची सोय होईल, जेवणाचे काय? गुरू दादरला असेल तर कुर्ल्याला गाडी बदलण्यात आणि गर्दीत गेलेला वेळ वेगळाच. साहजिकच मुलगी चार शिकवण्या धरते, आणि ज्या वेळेसाठी पैसा दिला तो वेळ शिकवण्यांतच जातो.

त्याहून मला खटकते ती वयाची रेघ. पुरुषाचा आवाज फुटून पुन्हा बसायला काही वर्षे जातात. बंदिशीवर हक्क यायला आणखी. पंचविशीला गायक तयार नसतो, तो तयार होऊ लागलेला असतो. तिथे शिष्यवृत्ती संपते. पुढे कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, वय २५ ते ४०, दरमहा दहा हजार. पण ती मागायची तर संशोधनाचा प्रकल्प लिहून द्यावा लागतो. मारव्याचा रिषभ नेमका कुठे लावायचा हे अजून गुरूकडून घेणारा मुलगा अचानक ‘मारव्याचा ऐतिहासिक अभ्यास’ मांडायला बसतो! अशा प्रकल्पांचे कच्चे मसुदे मी वाचले आहेत. त्यांतली भाषा सुधारून देता येते. त्यात गेलेल्या महिन्यांचा रियाज भरून देता येत नाही.

पाश्चात्त्य ऑपेरात हे कोडे वेगळ्या रीतीने सोडवतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९८० मध्ये तरुण गायकांसाठी उपक्रम सुरू केला. निवडलेल्याला मानधन मिळते आणि भाषांचे उच्चार, अभिनय, पियानोवर बसून भूमिका पक्की करून घेणारा प्रशिक्षक, सगळे तिथेच मिळते. मागे मोठे नाट्यगृह असल्यामुळे पुढच्या कामाची दिशाही दिसते. आपल्याकडे तसे नाट्यगृह नाही, म्हणून नक्कल जमणार नाही.

आपल्या गाण्याला मानवेल असा नमुना देशातच आहे. १९७७ मध्ये कोलकात्याला आयटीसी संगीत रिसर्च अकादमी सुरू झाली. गुरू आवारातच राहतात, शिष्यांना शिष्यवेतन मिळते. निसार हुसेन खाँसाहेबांबरोबर आलेले रशीद खाँ तिथेच घडले, आणि आपले उल्हास कशाळकर १९९३ पासून तिथे गुरू आहेत. मराठी गवय्याची तालीम घ्यायला मराठी मुलाने कोलकाता गाठावे, याची मला गंमत वाटते आणि थोडी चीडही येते. उपदेशक वर्गाचीच ही कल्पना. फरक एवढाच की कर्जाचा बोजा गुरूच्या डोक्यावर नाही, कंपनीच्या ताळेबंदात आहे.

वाशीत भाड्याच्या पैशांत नवा आवार उभा करणे अवघड आहे, हे मला कळते. पण शिष्यवृत्तीचे पैसे मुलांच्या खात्यात हप्त्याने टाकण्याऐवजी पाच-सहा मुलांसाठी गुरूच्या घराजवळ एक सदनिका भाड्याने घेता येईल. एक खोली मुलींसाठी वेगळी ठेवावी. जुन्या गुरुगृही मुलींना राहायला जागा क्वचितच असे. जेवणाचा डबा लावावा. मुदत दोन नव्हे, पाच वर्षांची असावी आणि वय तिशीपर्यंत चालावे. शेजारी रात्री दहानंतर तानपुरा बंद करायला सांगतील, तेवढी अडचण धरून चालायची.