वाघाचं वय कसं ओळखतात? उत्तर दातांत आहे

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-1 म्हणजेच अवनी वाघिणीला गोळी घालून ठार करण्यात आलं. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. वय सांगितलं गेलं, सुमारे 5 ते 6 वर्षं. पण जंगलातल्या वाघाचा जन्मदाखला नसतो. मग वय कळतं कसं?

सुळे पाहा: बछड्याचे दुधाचे सुळे साधारण वर्षभरानंतर पडून कायमचे येतात. तरुण वाघाचे सुळे पांढरे आणि टोकदार असतात. वयानुसार ते पिवळे पडतात, झिजतात, तुटतात.

दाताच्या आत पाहा: एक्स-रेमध्ये दातातली पोकळी दिसते. वयाबरोबर ती अरुंद होत जाते. मुळावर थरही साचतात. झाडाच्या वर्तुळांसारखे ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

तरीही हा अंदाजच असतो, नेमकी तारीख नाही.

मग वय कशाला हवं? म्हातारा, दात गेलेला वाघच माणसावर हल्ला करतो, असा आपला समज असतो. अवनी तर ऐन उमेदीत होती, सोबत दोन बछडे होते. म्हणून प्रत्येक वेळी म्हातारपणाला दोष देऊन चालत नाही. माणूस आणि वाघ समोरासमोर कुठे आणि का येतात, हेही तपासावं लागतं.