धुरातील कणांची प्रतवारी

चाकणच्या बाजारात कांद्याची प्रतवारी चाललेली तुम्ही पाहिली आहे काय? मोठा कांदा एका ढिगात, मध्यम दुसऱ्या ढिगात आणि बारीक गोल्टी तिसऱ्या ढिगात जाते. याच चाकणच्या परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत, आणि मोटारीच्या धुरातील कणांचीही अशीच प्रतवारी करावी लागते. मात्र ते कण इतके लहान असतात की तेथे हात, डोळे आणि चाळणी ही तिन्ही साधने निरुपयोगी ठरतात.

हे कण म्हणजे बहुतांशी काजळी होय. तुपाच्या दिव्यावर तबक धरून काजळ पाडतात, त्याच जातीची ही काजळी. तिच्या कणांचे माप नॅनोमीटरमध्ये सांगतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरील केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. काजळीचा कण १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. मोठी धूळ नाकात व घशात अडकते आणि शिंकेबरोबर किंवा खोकल्याबरोबर बाहेर पडते. हे कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत खोल जातात. म्हणूनच त्यांची मोजदाद महत्त्वाची आहे.

पूर्वी ही मोजदाद मुख्यतः वजनाने होत असे. धूर गाळणकागदातून जाऊ द्यावयाचा आणि कागदाचे वजन किती वाढले ते पाहावयाचे. रीत सोपी खरी. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका कणाचे वजन १० नॅनोमीटरच्या तब्बल हजार कणांइतके भरते. तेव्हा मोठे कण थोडे कमी झाले की वजन उतरते आणि धूर स्वच्छ झाला असे वाटते. बारीक कण मात्र लाखोंनी शिल्लक राहू शकतात! १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या 'भारत स्टेज ६' या नियमांत म्हणून वजनाबरोबर संख्येचेही बंधन आले. डिझेलवर चालणाऱ्या मोटारीने एका किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅमहून अधिक आणि साठ हजार कोटींहून अधिक कण बाहेर टाकता कामा नयेत.

साठ हजार कोटी कण मोजावयाचे कसे? याची युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन या शास्त्रज्ञाने ओलसर हवा एकाएकी प्रसरण पावू दिली. तीमुळे हवा थंड झाली, प्रत्येक धूलिकणाभोवती पाण्याचा थेंब जमला, आणि न दिसणारा कण थेंबाच्या रूपाने भिंगाखाली दिसू लागला. आजच्या यंत्रात पाण्याऐवजी ब्यूटेनॉल नावाच्या अल्कोहोलाची वाफ असते. फुगलेले थेंब प्रकाशाच्या झोतातून एकामागून एक जातात आणि प्रत्येक थेंबाची चमक यंत्र मोजते. सगळा धूर मोजण्याची गरज नसते. त्याचा ठरलेला अंश घेऊन हिशेब करतात. अशा चाचण्यांसाठी मोटार फिरत्या रुळांवर जागच्या जागी चालवतात. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था वाहनांची तपासणी करते. चाकण येथेही तिचे केंद्र आहे.

परंतु थेंब फुगला की आतला कण लहान होता की मोठा, हे कळेनासे होते. त्यासाठी विजेची चाळणी वापरतात. कणांना विद्युत्भार देऊन हवेच्या प्रवाहात सोडतात आणि बाजूने विद्युत्बलाने ओढतात. लहान कणाला हवेचा अडथळा कमी. तो झटकन बाजूला सरकतो. मोठा कण रेंगाळतो. कोण किती सरकला, यावरून आकारमान ठरते.

कण प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर साधे सूक्ष्मदर्शक यंत्र उपयोगी पडत नाही, कारण दृश्य प्रकाशाची लहरच ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असते. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत वापरावा लागतो. त्या चित्रात एक मौज दिसते. काजळीचा कण गोळीसारखा वाटोळा नसून द्राक्षांच्या घडासारखा असतो! विजेची चाळणी म्हणते, 'कण १०० नॅनोमीटरचा आहे.' चित्रातील एकेक मणी मोजावा तर तो भरतो ३० नॅनोमीटर. मग खरे कोणाचे? दोघांचेही. एकाने सबंध घडाला हवा किती अडवते ते पाहिले, दुसऱ्याने त्यातले द्राक्ष मोजले. छत्री उघडून वाऱ्यात चाललात तर वाऱ्याला तुम्ही केवढेतरी मोठे भासता, तसेच हे. त्यामुळे कणाचे माप सांगताना ते कोणत्या रीतीने घेतले, हेही सांगावे लागते.

मोजणीची खालची सीमाही ठरवावी लागते. आपल्या नियमांत ती २३ नॅनोमीटर धरली आहे. त्याहून बारीक कणांत पुष्कळदा तेलाचे व गंधकाम्लाचे थेंब मिसळलेले असतात; ते घटकेत जमतात, घटकेत उडून जातात, आणि दोन मोजण्यांचा मेळ बसत नाही. धूर तीनशे ते चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून असे थेंब आधी उडवून देतात आणि मगच उरलेले घन कण मोजतात. युरोपने २०२४ साली मंजूर केलेल्या नव्या नियमांत ही सीमा १० नॅनोमीटरपर्यंत खाली आणली आहे. या दोन सीमांमधील घन कण धुरात पूर्वीपासूनच होते. त्यांची गणती तेवढी होत नव्हती.