थेट नगराध्यक्ष आणि अमेरिकेची उठाठेव

"थेट नगराध्यक्ष म्हंजे अमेरिकेसारखंच झालं ना जी!" डिसेंबर 2025च्या नगरपरिषद निवडणुकांपासून आमच्या पांढरकवड्यात हे इतक्यांदा ऐकलं की आता चीड येते. सांगणारे बहुतेक शिकलेसवरलेले असतात, त्यामुळे जरा जास्तच.

अमेरिकेचा अध्यक्ष जनता थेट निवडतच नाही. मतदार आपल्या राज्यातले निर्वाचक निवडतात. देशभरात ते 538; ज्याला 270 मिळाले तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत एका मतानं जरी आघाडी मिळाली तरी तिथले झाडून सगळे निर्वाचक त्याच उमेदवाराचे. म्हणूनच 2016 साली हिलरी क्लिंटन हरल्या. तिथल्या फेडरल निवडणूक आयोगाचे आकडे सांगतात की त्यांना ट्रम्प यांच्यापेक्षा साडेअठ्ठावीस लाखांहून जास्त मतं पडली होती. 2000 साली अल गोर यांची तीच गत झाली. ही मधली फळी काढा, अशी ओरड तिकडे कित्येक वर्षं चालू आहे. आपल्याकडे मतदार नगरसेवकांना वेगळं मत देतो, नगराध्यक्षाला वेगळं. म्हणजे या बाबतीत पांढरकवडाच अमेरिकेच्या पुढं!

याच गैरसमजाचं शेपूट म्हणजे "थेट निवडला, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव त्याच्या मागं." कशावरून? समजा 10,000 मतं पडली आणि पाच उमेदवारांत ती 2,900, 2,500, 2,100, 1,600 आणि 900 अशी वाटली गेली. 2,900वाला नगराध्यक्ष झाला; 7,100 जणांनी मात्र दुसऱ्याच कुणाला तरी मत दिलेलं. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरीही नाही. वर सभागृहात बहुमत दुसऱ्याच पक्षाचं असू शकतं, आणि ठराव तर तिथंच मंजूर करून घ्यायचे असतात.

तरी मला थेट पद्धतच बरी वाटते. नगरसेवकांना सहलीला नेऊन, हॉटेलात कोंडून अध्यक्ष ठरवण्यापेक्षा केव्हाही बरी. पण घोडेबाजार संपला म्हणू नका. उपनगराध्यक्ष अजून नगरसेवकच निवडतात.

असेच आणखी काही गैरसमज कानावर येतात. "ही पद्धत आत्ताच आली." छे! 1974 साली होती, 2001 साली होती, 2016ला पुन्हा आणली, 2020ला रद्द केली, 2022ला परत आणली. मुंबईत सरकार बदललं की आमच्या मतदानाची रीत बदलते.

"महापौरही थेटच." नाही, ते नगरसेवकांतूनच.

"थेट सरपंचाला कोणी हात लावू शकत नाही." लावू शकतं. पहिली दोन वर्षं गेल्यावर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव करायचा आणि ग्रामसभेनं गुप्त मतदानानं त्यावर शिक्कामोर्तब करायचं.

"राष्ट्रपती फक्त खासदार निवडतात." विधानसभेचे आमदारही निवडतात. आमच्या आर्णी मतदारसंघाच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 येतं, कारण हिशेब अजून 1971च्या जनगणनेवर चालतो. विधान परिषदेच्या आमदारांना मात्र त्यात मत नाही.