वापरणाऱ्याचे मत आणि यंत्राची घडण

इ. स. १९६२ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी एक विलक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या नावाचा मराठी अर्थ 'अंकी दूरध्वनिविरोधी संघ' असा करता येईल. त्या काळापर्यंत अमेरिकेतील दूरध्वनीचा क्रमांक नुसत्या अंकांचा नसे. प्रथम केंद्राचे नाव येई. त्याची पहिली दोन अक्षरे तबकडीवर फिरवावयाची आणि मग पाच अंक. ही नावे पुष्कळ ठिकाणी त्या त्या वस्तीची ओळखच होऊन बसली होती. परंतु ग्राहक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. तबकडीवरील काही अंकांच्या वाट्याला केवळ व्यंजने आली होती. अशा दोन अंकांच्या जोडीवरून उच्चारता येईल असे नाव बनविणे दुष्कर होते. सातही स्थानी अंकच ठेवले तर अधिक क्रमांक हाती येतील, हा बेल कंपनीचा हिशेब बिनचूक होता. तथापि लोक खवळले. भाषेचे अभ्यासक एस. आय. हायाकावा यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळीही या संघात होती. सात अंक कोणाच्या ध्यानात राहणार, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

ही तक्रार टिकली नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला होता, आणि सात अंक सामान्य मनुष्य ध्यानात ठेवू शकतो असे त्यातून दिसले होते. काही वर्षांत नावे गेली, अंक राहिले आणि लोक त्यांना सरावले. एवढ्यावरून 'लोक नव्याला नेहमीच विरोध करतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष घाईचा आहे. लोकांनी कारण स्मरणशक्तीचे सांगितले. पण आपल्या वस्तीचे नाव जाऊन तेथे निर्जीव आकडा यावा, याचेही दुःख त्या रागात मिसळले असावे. ते दुःख प्रयोगशाळेत मोजण्यासारखे नव्हते, म्हणून ते खोटे ठरत नाही. वापरणाऱ्याने सांगितलेले कारण आणि त्याला खरोखर बोचत असलेली गोष्ट या दोन्ही एकच असतील असे नाही. नव्या वस्तूंविषयी लोकांचे मत घेण्याच्या शास्त्रातील पहिली अडचण ती हीच.

पाहणे आणि विचारणे

कार्लिन यांनी या अडचणीवर योजलेला एक उपाय मोठा मौजेचा आहे. दूरध्वनीची दोरी किती लांब असावी, हा प्रश्न होता. दोरी तांब्याची, म्हणून लांबी वाढली की खर्च वाढे. लोकांना विचारले असते तर दोरी लांबच हवी, असेच बहुतेकांनी सांगितले असते. कार्लिन यांनी कोणालाच विचारले नाही. त्यांची माणसे दर काही दिवसांनी सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप शिरत आणि दोरी एक एक इंच कमी करून येत. दोरी जवळ जवळ एक फूट आखूड होईपर्यंत कोणाच्याही ते लक्षात आले नाही. (आज अशी परीक्षा कोणाच्या संमतीवाचून करणे शिष्टसंमत मानले जाणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.)

बटणांच्या दूरध्वनीची कथा याहून महत्त्वाची आहे. तबकडी जाऊन तिच्या जागी दहा बटणे यावयाची होती. पण ती मांडावी कशी? आकडेमोडीच्या यंत्रांवर ७, ८, ९ ही ओळ वर असे. दूरध्वनीची तबकडी वर्तुळाकार होती, म्हणून बटणेही वर्तुळात मांडावी असे म्हणण्यासही आधार होता. बेल प्रयोगशाळेतील संशोधक डाइनिंजर यांनी निरनिराळ्या मांडण्या माणसांच्या हाती देऊन पाहिल्या आणि १९६० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रमांक दाबण्यास लागणारा वेळ, होणाऱ्या चुका आणि वापरणाऱ्याची पसंती या तिन्ही गोष्टी त्यांनी नोंदविल्या. पुष्कळ मांडण्यांत वेग व चुका यांचा फरक अल्पच आढळला. अखेरीस तीन तीन बटणांच्या तीन ओळी आणि खाली शून्य, अशी रचना स्वीकारण्यात आली. १ हा अंक वर डावीकडे आला. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातील दोन गावांत हे दूरध्वनी प्रथम ग्राहकांना मिळाले. आज भारतातील कोणत्याही भ्रमणध्वनीवर क्रमांक लावताना अंगठा ज्या चौकटीवरून फिरतो, ती हीच. संगणकाच्या कळफलकावरील अंकांची चौकट मात्र आजही ७, ८, ९ पासूनच सुरू होते. एकाच मेजावरची दोन उपकरणे परस्परविरुद्ध क्रमाने अंक मांडतात, आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रार करीत नाही! सवयीचे सामर्थ्य असे आहे.

अदृश्य यंत्र

दूरध्वनी डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. संगणकाला काय करावयाचे ते सांगणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे सॉफ्टवेअरला, असे रूप नाही. तिचा जेवढा भाग पडद्यावर चित्ररूपाने येतो, तेवढीच ती वापरणाऱ्यापुरती अस्तित्वात असते. शिवाय ती एका रात्रीत बदलता येते. पाटा-वरवंटा सकाळी उठून पाहावा तर निराळ्याच आकाराचा झाला आहे, असे कोणत्याही गृहिणीला कधी अनुभवास आले नसेल. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास ते वारंवार येते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ९५ ही प्रणाली ऑगस्ट १९९५ मध्ये विक्रीस आणली. त्यापूर्वी तिच्या प्रयोगशाळेत परीक्षांच्या ६४ फेऱ्या झाल्या आणि त्यांत ५६० माणसांनी भाग घेतला. माणसांना बसवून साधी कामे सांगावयाची आणि ती कोठे अडतात ते पाहावयाचे, अशी ही पद्धत होती. त्यात असे दिसले की एक चौकट दुसऱ्या चौकटीखाली झाकली गेली की पुष्कळांना ती नाहीशीच झाली असे वाटे. माऊसचे बटण लागोपाठ दोनदा दाबणे कित्येकांना साधत नसे. हवा तो कार्यक्रम सुरू करावा कोठून, हे तर कळतच नसे. आरंभी पडद्याच्या तळाशी तीन वेगवेगळी बटणे होती. परीक्षांनंतर त्यांचे एकच बटण झाले आणि त्यावर 'स्टार्ट' ही अक्षरे आली. उघड्या चौकटींची नावे दाखविणारी पट्टीही तळाशी कायम राहिली, म्हणजे झाकलेली चौकट हरवली असे वाटू नये. नवशिक्यांसाठी वेगळी सोपी प्रणाली द्यावी, ही कल्पनाही पुढे आली होती. पण पुढे तेच पुन्हा दुसऱ्या रीतीने शिकावे लागेल, हे ध्यानी घेऊन ती सोडण्यात आली.

या परीक्षांत आणखी एक गोष्ट नेहमी दृष्टीस पडते. काम अडले की मनुष्य यंत्राला दोष देत नाही, स्वतःला देतो. 'मला यातले काही कळत नाही' असे म्हणून तो ओशाळतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ च्या आपल्या ग्रंथात या आत्मदोषाचे सविस्तर विवेचन केले आहे. ढकलावे की ओढावे हे ज्या दारावरून उमगत नाही, ते दार सदोष असते. माणूस मूर्ख नसतो. हे ज्याला पटले त्यालाच लोकांचे मत घेता येते. कारण स्वतःला दोष देणारा मनुष्य तक्रार करीत नाही, आणि तक्रार आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे यंत्र घडविणारे समजून चालतात.

सतरा वर्षांनी याच कंपनीने तेच बटण काढून टाकले. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये पडद्याचा डावा खालचा कोपरा रिकामा होता. तेथे माऊस नेला तरच खूण प्रकट होई. जुन्या यादीच्या जागी रंगीत चौकोनांनी भरलेला एक संपूर्ण पडदा आला. त्यामागे विचार नव्हता असे नाही. बोटाने चालणाऱ्या पाट्या बाजारात जोराने येत होत्या आणि पाटी व संगणक दोन्हींना एकच प्रणाली पुरावी अशी इच्छा होती. कंपनीजवळ आकडेही होते: संमती देणाऱ्या ग्राहकांच्या संगणकांवरून आपोआप गोळा होणाऱ्या नोंदींत स्टार्ट यादीचा वापर घटलेला दिसत होता, कारण नेहमीचे कार्यक्रम लोक तळाच्या पट्टीवर ठेवू लागले होते.

आकडे खरे असूनही अनुमान कसे चुकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. घरातील कंदील वर्षातून चार वेळा लागतो; म्हणून तो अडगळीत फेकावा असे कोणी म्हणत नाही, कारण वीज गेल्यावर तोच लागतो. नेहमीच्या कामाला लोक पट्टीवर जात, पण वाट चुकली की परत फिरावयाचे ठिकाण ते बटणच होते. आणि संगणक बंद करण्याची आज्ञाही त्याच यादीत होती. विंडोज ८ मध्ये ती पडद्याच्या उजव्या काठावरून प्रकट होणाऱ्या पट्टीत, तेथून एका उपविभागात गेली. संगणक बंद कसा करावा, हा प्रश्न वर्षानुवर्षे संगणक वापरणाऱ्या माणसांनी विचारू लागावे, यापेक्षा बोलके मत दुसरे कोणते असणार? लोक केवळ बोलून थांबले नाहीत. बटण परत आणून देणाऱ्या इतरांच्या आज्ञावल्या त्यांनी आपल्या संगणकावर बसविल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये बटण परत आले आणि जुलै २०१५ मधील विंडोज १० मध्ये यादीही आली. पुढे २०२१ मधील विंडोज ११ ने ते बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी नेले. पण या वेळी ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली होती.

याच्या उलट उदाहरणही त्याच कंपनीचे आहे. लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्ड या आज्ञावलीच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०० आज्ञा होत्या. २००३ पर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या. लोक ज्या नव्या सोयी मागत त्यांपैकी पुष्कळ आधीच तीत होत्या, पण याद्यांच्या आत याद्या झाल्यामुळे कोणाला सापडत नव्हत्या. नोंदींवरून असे दिसले की चिकटविणे, जतन करणे, नक्कल घेणे, केलेले रद्द करणे आणि ठळक करणे या पाच आज्ञांनीच एकूण वापराचा सुमारे ३२ टक्के भाग व्यापला होता. २००७ च्या आवृत्तीत याद्या जाऊन वर आज्ञांची रुंद चित्रपट्टी आली. तेव्हाही निषेध झाला; जुन्या जाणकारांचा तर फारच. पण चित्रपट्टी टिकली. या दोन बदलांत भेद कोणता? दुसऱ्याने दडलेले होते ते उघड्यावर आणले. पहिल्याने उघड्यावर होते ते दडविले. निषेधाचा आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा होता, म्हणून केवळ आवाजावरून पारख करता आली नसती.

किती माणसे पुरेत?

मत मोजण्याची साधनेही आहेत. १९८६ मध्ये जॉन ब्रुक यांनी तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही सर्वत्र वापरात आहे. वापरणाऱ्याने प्रत्येक विधानास १ ते ५ गुण द्यावयाचे. एक विधान अनुकूल तर पुढचे प्रतिकूल, म्हणजे डोळे झाकून खुणा करणारा उघडा पडतो. बेरजेवरून ० ते १०० मधील एक संख्या येते. ती टक्केवारी नव्हे. सरासरी वस्तूस ६८ च्या आसपास गुण मिळतात.

परीक्षेला माणसे मात्र थोडी चालतात. जेकब निल्सन यांच्या हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या परीक्षेत सरासरीने ३१ टक्के दोष उघड होतात. म्हणजे ६९ टक्के राहतात. दुसऱ्या माणसानंतर त्या ६९ चे ६९ टक्के, आणि असे करीत पाचव्यानंतर सुमारे १६ टक्केच दोष अज्ञात उरतात. परंतु यात एक अट आहे: ज्यांच्यासाठी वस्तू आहे त्यांच्यासारखीच ती पाच माणसे असावीत. पाचही जण इंग्रजी सफाईने वाचणारे असतील, तर इंग्रजी न वाचणाऱ्याची अडचण पाचशे परीक्षांतही दिसणार नाही.

भारतीय भाषांच्या कळफलकाचे असेच झाले. भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या मानकात इनस्क्रिप्ट ही मांडणी दिली. ती विद्वत्तेने रचलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि 'क' ची कळ मराठी, बंगाली, तमिळ, मल्याळम अशा सर्व लिप्यांत एकच. कोचीचा मनुष्य पुण्यास येऊन बसला तरी त्याची बोटे चुकू नयेत. परंतु टंकलेखन यंत्रावर उमेदवारी केलेल्या कारकुनांच्या बोटांत दुसरीच मांडणी भिनलेली होती. तेथे 'कि' उमटविताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे 'क' आधी. म्हणून ते जुनी मांडणीच मागू लागले. तिसरा वर्ग तरुणांचा. बाजारातील बहुतेक कळफलकांवर रोमन अक्षरेच छापलेली. तेव्हा रोमन अक्षरे दाबून पडद्यावर देवनागरी उमटविणे त्यांना सोपे वाटले, आणि भ्रमणध्वनीवर तर हीच रीत फार रूढ झाली. यांपैकी कोणाचे मत चूक म्हणावे? प्रत्येकाची बोटे वेगळ्या शाळेत शिकली आहेत.

विंडोज प्रणालीत उच्चारानुसारी मराठी कळफलक २०१९ मध्ये इतर नऊ भारतीय भाषांबरोबर आला. इनस्क्रिप्ट त्याच्या शेजारी कायम आहे. दोन्हींतून आपला निवडून घ्यावयाचा. पण ज्याचा संगणक इंग्रजीत चालतो, त्याला तो निवडण्यासाठी इंग्रजी नावांच्या याद्यांतून वाट काढीत जावे लागते. आणि मराठी कळफलकाची सर्वांत अधिक गरज असते ती नेमकी ही नावे वाचता न येणाऱ्यालाच.