जाहिरात येण्याआधीची तयारी

आमच्या गल्लीतली एक मुलगी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी घरोघरी पेढे दिले. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पुढे कागदपत्रे तपासताना लक्षात आले, की तिचे नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र अर्जाची मुदत संपल्यानंतरच्या तारखेचे आहे. राखीव जागेवरचा तिचा हक्क तिथेच गेला. अभ्यासात ती कमी पडली नव्हती. वेळेवर सांगणारे माणूस तिला भेटले नव्हते.

आपल्या घरात अजून कोणी सरकारी नोकरीत गेलेले नसेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. पायऱ्या क्रमाने घेऊ.

पहिली पायरी : कुठे जायचे ते ठरवणे

उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, नायब तहसीलदार अशी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोग, म्हणजे एमपीएससी, राज्यसेवा परीक्षेतून भरतो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही पूर्वपरीक्षेला बसता येते.

किमान वय १९. कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी ३८, मागासवर्गीय आणि अनाथ उमेदवारांसाठी ४३, दिव्यांगांसाठी ४५ वर्षे. ‘आपले वय निघून गेले’ असे समजून कितीतरी जण अर्जच करत नाहीत. आधी आपल्या प्रवर्गाची मर्यादा पाहा.

दुसरी पायरी : जातीचा दाखला आणि जुना पुरावा

हे काम कॉलेजच्या पहिल्या वर्षातच हाती घ्या. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रात होतो, दाखल्यावर सही उपविभागीय अधिकाऱ्यांची, म्हणजे प्रांतांची असते.

खरी अडचण पुराव्याची. आपले वाडवडील एका ठरावीक तारखेच्या आधीपासून इथे राहत होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

हा पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेत सापडतो. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद शोधा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ही नोंद पुष्कळदा मोडी लिपीत असते. मग मोडी जाणकाराकडून तिचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि त्यात दिवस जातात.

आणखी एक खाचखळगा आडनावाचा. रजिस्टरमध्ये फक्त ‘रामा सखाराम’ एवढेच असते, आडनाव नंतर लागलेले असते. अशा वेळी आजोबा, वडील आणि आपण ही साखळी जोडणारा प्रत्येक कागद जपून ठेवा. वंशावळीचे प्रतिज्ञापत्रही लागते.

निवड झाल्यावर हा दाखला पडताळणी समितीपुढे जातो. समितीने तो खरा ठरवला, की ‘व्हॅलिडिटी’ मिळते. वडील, चुलते किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर तिची प्रत मागून घ्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली ही प्रत फार मोठा आधार असतो.

तिसरी पायरी : उत्पन्नाशी जोडलेली प्रमाणपत्रे

इतर मागासवर्ग, विमुक्त व भटके आणि विशेष मागास प्रवर्ग यांना नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र लागते. आपले कुटुंब त्या वर्गातल्या सुस्थितीतल्यांमध्ये मोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. त्यात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, नोकरी असेल तर त्यांचे पद पाहतात. शिपाई किंवा कारकून असलेल्या वडिलांचा पगार मोजून ‘आपण बसत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. अनुसूचित जाती-जमातींना हे प्रमाणपत्र लागत नाही.

लग्न झालेल्या मुली इथे हमखास चुकतात. जातीचा दाखला माहेरचाच चालतो, आणि क्रिमी लेयरसाठीही आई-वडिलांचीच स्थिती पाहतात, नवऱ्याची नाही. नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

प्रमाणपत्राला मुदत असते. कोणत्या तारखेला ते वैध हवे, हे जाहिरातीत लिहिलेले असते. ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा.

ज्यांचे आई-वडील नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१८ पासून १ टक्का समांतर आरक्षण ठेवले आहे. समांतर म्हणजे सगळ्या प्रवर्गांना आडवे लागू होणारे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

चौथी पायरी : मोफत प्रशिक्षण शोधणे

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या, आणि त्याच काळात कोल्हापुरात वसतिगृहांनाही हात दिला. जागा राखल्यावर तिथवर पोचण्याची वाटही बांधावी लागते, हे त्यांनी जाणले होते. आजच्या संस्था हेच काम करतात.

अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, आदिवासींसाठी पुण्याचीच टीआरटीआय, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांसाठी नागपूरची महाज्योती, आणि इतर कोणत्याही संस्थेत न बसणाऱ्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत. यांच्या योजनांमध्ये शिकवणीची फी आणि दरमहा विद्यावेतन, म्हणजे राहण्याजेवणासाठीची रक्कम, मिळू शकते.

प्रवेशासाठी बहुधा चाळणी परीक्षा असते. तिची सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर थोडेच दिवस असते, म्हणून दर सोमवारी संकेतस्थळ उघडायची सवय लावा. एका वेळी दोन संस्थांचा लाभ घेता येत नाही. विद्यावेतन हजेरीवर अवलंबून असते आणि उशिराही येते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून मगच पुण्याची खोली घ्या.

पुण्याला जायलाच हवे असेही नाही. कॉट बेसिसची खोली, मेस आणि अभ्यासिका हे तिन्ही खर्च घरून अभ्यास केला तर वाचतात. तालुक्याच्या वाचनालयात बसूनही पाया पक्का होतो.

पाचवी पायरी : अर्ज

आयोगाच्या संकेतस्थळावर आपले प्रोफाइल तयार करा. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा. जात, नॉन-क्रिमी लेयर, महिला, दिव्यांग, अनाथ, खेळाडू यांपैकी जो दावा करायचा, तो अर्जातच करावा लागतो. मुदत संपल्यावर दावा घालता येत नाही.

सायबर कॅफेवाल्यावर सगळे सोडून उठू नका. प्रत्येक पान स्वतः वाचा, आणि फी भरल्याची पावती दिसल्याशिवाय खुर्ची सोडू नका. पैसे खात्यातून गेले, पण अर्ज पूर्ण झाला नाही, असेही घडते. मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच द्या, कॅफेचा नको.

सहावी पायरी : परीक्षा

पूर्वपरीक्षेत प्रत्येकी २०० गुणांचे दोन पेपर असतात. दुसरा सी-सॅट, म्हणजे उतारे, गणित आणि तर्क. त्यात ३३ टक्के पुरेसे असतात, पण तेवढे मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे गुण वाया जातात. कला शाखेच्या मुलांनी रोज एक तास यालाच द्यावा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिस्सा गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने गोळे काळे करू नका.

मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. लेखी १,७५० गुण, मुलाखत २७५. आता उत्तर लिहावे लागते, आणि ते मराठीत लिहिता येते. रोज एक उत्तर लिहून मित्राला किंवा शिक्षकांना दाखवा. पाठांतर भरपूर आणि लिहिण्याचा सराव शून्य, इथेच बरेच जण अडकतात.

मुलाखतही मराठीत देता येते. गावची बोली तोंडात असेल तर ती लपवू नका. कापसाचा भाव, टँकरची पाळी, रेशनची रांग हे आपण पाहिलेले आहे, आणि उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत तेच कामाला येणार आहे.

सातवी पायरी : दुसरी वाट

एकाच परीक्षेवर पाच-सहा वर्षे घालवू नका. गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षा, तलाठी भरती, जिल्हा परिषदेच्या जागा यांचा अभ्यास बराचसा सारखाच आहे. घरात पहिला पगार सुरू झाला, की पुढची परीक्षा निश्चिंतपणे देता येते.

आमच्या गल्लीतली ती मुलगी पुन्हा अभ्यासाला बसली आहे. या वेळी जाहिरात यायच्या आधीच तिची फाइल तयार आहे, आणि सगळ्यात वर पणजोबांच्या नोंदीचा उतारा आहे. तिच्या धाकट्या भावाला वेगळा शोध घ्यावा लागणार नाही. आपल्या घरातही अशी एक फाइल आजच सुरू करा.